जलपर्यटनाच्या कंपन्या : एक तौलनिक विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यकारिणीने सामुदायिक जलपर्यटनाची कल्पना पुढे मांडल्यापासून आमच्याकडे चौकशांचा ओघ सुरू झाला आहे. कोणती कंपनी स्वस्त, कोणाच्या बोटीवर आपल्याला रुचेल असे जेवण मिळते, बाल्कनीच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजावे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे एकेकट्याला देत बसण्यापेक्षा ती एकदाच सर्वांसमक्ष द्यावीत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही या सफरी थोड्याबहुत केल्या आहेत आणि भाडेपत्रके त्याहून पुष्कळ चाळली आहेत. एवढ्याच अधिकारावर हे बोलत आहोत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या माणसास प्रायश्चित्त द्यावे की कसे, यावर अनेक ज्ञातींच्या सभा भरत आणि त्या सभांत कडाक्याचे वाद होत. आज तशाच एका सभेत आपण बोटीवरची खोली कोणत्या मजल्यावरची घ्यावी याचा खल करीत आहोत, हा काळाचा महिमा!

आपल्या वडीलधाऱ्यांना बोट म्हटली की भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट आठवते. तिच्यावरची गर्दी आठवते आणि 'बोट लागणे' म्हणजे काय हेही आठवते. त्या बोटीचे काम माणसाला गावी पोहोचविण्याचे होते. आजची क्रूझ कोणालाही कोठे पोहोचवीत नाही. सात दिवस फिरवून बहुधा जेथून उचलले तेथेच ती आणून सोडते. बोट हेच तिचे गाव असते. त्यामुळे कंपन्यांची तुलना करताना अंतराचा हिशेब कामाचा नाही. त्या गावात आपल्या घरच्या माणसांचे कसे निभेल, हे पाहावयाचे असते.

नावे पुष्कळ दिसली तरी घराणी थोडी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. 1837 साली उदयास आलेली पी अँड ओ, 1840 मध्ये अटलांटिकपार टपाल नेऊ लागलेली क्यूनार्ड आणि 1873 ची हॉलंड अमेरिका ही जुनी, मानाची नावे. विमानांनी त्यांचे उतारू पळविले, आणि आज या तिन्ही नावांच्या क्रूझ कार्निव्हल या 1972 साली निघालेल्या घराण्याच्या छत्राखाली चालतात. प्रिन्सेस आणि इटलीची कोस्टा याही त्याच घरच्या. दुसरे घराणे रॉयल कॅरिबियनचे. सेलेब्रिटी आणि सिल्व्हरसी त्याच्या. तिसरे नॉर्वेजियनचे, ओशनिया आणि रीजंट त्याच्याकडे. चौथी एमएससी, मूळची मालवाहू जहाजांची कंपनी, अद्यापि एकाच कुटुंबाच्या मालकीची. एका घराण्यातल्या दोन नावांत भाड्याची चढाओढ चाललेली दिसली, तर ती दोन सख्ख्या जावांची चढाओढ समजावी. तिजोरी एकच आहे.

आता भाडे. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो दोघांच्या खोलीत राहणाऱ्या एका माणसाचा असतो, आणि तो बोटीच्या पोटातल्या, खिडकी नसलेल्या, सर्वांत स्वस्त खोलीचा असतो. त्यात बंदराचे कर कधी धरलेले असतात, कधी नसतात. बक्षिसी बहुतेक मोठ्या कंपन्यांत धरलेली नसते. ती अलीकडे दर माणशी दररोज 16 ते 20 डॉलरच्या घरात पडते आणि लहान मुलांसही बहुधा लागू असते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. सात रात्रींचे छापील भाडे समजा 700 डॉलर, कर 150 आणि बक्षिसी रोजी 18 प्रमाणे 126. म्हणजे 700 चे 976 झाले, आणि अजून आपण बंदरावर पाऊलसुद्धा ठेवलेले नाही. इंटरनेट, बंदरावरील सहली, बाटलीबंद पेये, छायाचित्रे, डॉक्टर हे सर्व निराळे. त्याशिवाय विमानभाडे, व्हिसा, विमा आणि परदेश सहलीवर उगमाशी वसूल होणारा कर. शेवटचा विवरणपत्रात जमेस धरता येतो, परंतु आधी खिशातून जातोच.

उलट रीजंट, वायकिंग यांसारख्या कंपन्यांचे भाडे पाहताच छातीत धस्स होते. वायकिंगच्या भाड्यात प्रत्येक बंदरावरील एक सहल, इंटरनेट आणि जेवणाबरोबरचे मद्य धरलेले असते. रीजंटमध्ये त्याहूनही अधिक. जे मद्य घेत नाहीत त्यांनी दुसऱ्याच्या प्याल्याचे पैसे आपल्या भाड्यातून का भरावे, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या मते आपल्यातील बहुसंख्य कुटुंबांना कमी भाड्याची बोट घेऊन वरचा खर्च आपल्या मुठीत ठेवणे अधिक परवडते. मात्र ती मूठ घट्ट हवी.

बक्षिसीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. काही उतारू बोटीच्या कचेरीत जाऊन बक्षिसीची रक्कम कमी करून घेतात आणि परत आल्यावर आपले चातुर्य चारचौघांत सांगतात. ती रक्कम ज्यांच्याकडे जाते ते खोली झाडणारे आणि ताट वाढणारे लोक असतात. त्यांत गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुले पुष्कळ आढळतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिने ती घरादाराला पारखी होऊन राबतात आणि आपण मराठीत बोललो की त्यांचा चेहरा उजळतो. असले चातुर्य आपल्या मंडळाच्या सहलीत कोणी दाखवू नये.

वेळेनुसारही भाडे फार बदलते. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचे भाडे उतरलेले असते, आणि ते का उतरले आहे हेही समजून घ्यावे. युरोपच्या भूमध्य समुद्रात एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. ऊन कमी, गर्दी कमी, भाडेही कमी. बोटी एका समुद्रातून दुसऱ्यात मुक्काम हलवितात तेव्हाच्या फेऱ्या दिवसाच्या हिशेबाने अतिशय स्वस्त पडतात. परंतु त्यात सलग पाच-सहा दिवस चोहीकडे पाण्याखेरीज काही दिसत नाही. निवृत्त मंडळींना वाचनाचा नाद असेल तर त्यांनी अवश्य विचार करावा.

बोटींविषयी थोडक्यात सांगतो. रॉयल कॅरिबियनची 'आयकॉन ऑफ द सीज' ही 2024 च्या जानेवारीत निघालेली बोट 2,48,663 ढोबळ टनांची, वीस मजल्यांची, पूर्ण भरल्यास सुमारे 7,600 उतारू नेणारी. येथे टन म्हणजे वजन नव्हे, बोटीच्या आतील जागेचे माप होय. मुंबईहून 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीने चालविलेली 'एम्प्रेस' 1990 साली बांधलेली, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात असलेली. ती साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार टनांची. म्हणजे एकीच्या पोटात दुसरी पाच वेळा मावेल! नातवंडे बरोबर असतील तर घसरगुंड्या, बर्फावरचे नाच आणि पोहण्याचे तलाव असलेली मोठी बोट त्यांना स्वर्ग वाटते. आजी-आजोबांना तीच बोट म्हणजे दादर स्थानक वाटण्याचा संभव आहे. खोलीपासून भोजनगृहापर्यंत चालता चालता गुडघे बोलू लागतात. हॉलंड अमेरिका किंवा सेलेब्रिटी यांच्या मध्यम बोटी अशा मंडळींना अधिक मानवतात, असा आमचा अनुभव. वायकिंगच्या आणि व्हर्जिनच्या सागरी सफरींत अठरा वर्षांखालील कोणास घेतच नाहीत, हेही नातवंडे नेऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बोट लागण्याचे भय असणाऱ्याने खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची खोली मागावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी लागतो. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचे जादा पैसे देऊन वर ओकाऱ्या विकत घेण्यात शहाणपण नाही.

बंदरांची नावेही नीट वाचावीत. 'रोम' म्हणून लिहिलेले बंदर चिव्हितावेक्किया असते. तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसच्या मुख्य कालव्यातून मोठ्या बोटींना 2021 च्या ऑगस्टपासून मज्जाव आहे, त्यामुळे 'व्हेनिस' छापलेल्या कित्येक सफरी प्रत्यक्षात राव्हेना किंवा त्रिएस्ते येथून सुटतात. ग्रीसच्या सँटोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही. लहान होडीतून उतरावे लागते आणि वर जाण्यास दोरीवरचा पाळणा, खेचर किंवा 588 पायऱ्या, यांतून निवड करावी लागते. अलास्काची सफर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून निघाली तरी वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदरावर, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबते. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यान्वये परदेशी निशाणाच्या बोटीला तसे करणे भाग आहे. त्या चार तासांच्या थांब्यासाठी आपल्याला कॅनडाचा निराळा व्हिसा काढावा लागतो. व्हिसा नसेल तर बोटीवर चढूच देत नाहीत, आणि भाडेही परत मिळत नाही.

आता ज्या विषयाची आपण वाट पाहत आहात तो विषय, म्हणजे जेवण.

बोटीवर उपाशी कोणी राहत नाही. मुख्य भोजनगृह आणि बुफे यांचे जेवण भाड्यातच येते. खास उपाहारगृहांना जादा पैसे पडतात. नॉर्वेजियनने 2000 सालापासून ठरावीक वेळेची पंगत मोडून ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा जेवावे अशी रीत घातली. इतर कंपन्यांनीही थोडीफार उचलली. मात्र आपल्यासारख्या समुदायाने ठरावीक वेळ आणि ठरावीक मेजेच मागून घ्यावीत. रोज तोच वाढपी असला की दुसऱ्या दिवसापासून त्याला आपले पथ्यपाणी कळते आणि तिसऱ्या दिवशी न मागता डाळ-भात येतो. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन यांच्या मुख्य भोजनगृहांत मागणी केल्यास रोज रात्री एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ करून देतात, आणि तो बरा असतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर आणि आपल्या मुंबईच्या बोटीवर जैन जेवणाचीही सोय ठेवतात. सेलेब्रिटी व ओशनिया यांचा पाकशास्त्राचा लौकिक मोठा आहे. परंतु तो लौकिक मुख्यतः मत्स्य-मांसाच्या बळावर उभा आहे. काटेकोर शाकाहारी माणसाने त्यासाठी चढे भाडे मोजणे म्हणजे मुक्याने गाण्याच्या मैफलीचे पहिल्या रांगेचे तिकीट काढण्यासारखे आहे.

मत्स्याहारी घरांनी ही काळजी करू नये. त्यांना बोट म्हणजे माहेर. परंतु शाकाहारी कुटुंबांनी काही गोष्टी आधीच विचाराव्यात. पाश्चात्त्यांच्या 'व्हेजिटेरियन' शब्दात अंडे बसते. भाजीच्या सारात मांसाचा अर्क असू शकतो. बटाट्याचे काप ज्या तेलात तळतात त्यातच मासळी तळली जाते. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटीन असते, ते जनावरांच्या हाडाकातड्याचे. आणि कित्येक जातींचे चीज वासराच्या जठरातील द्रव्याने घट्ट केलेले असते. हे सर्व बोटीवर चढल्यावर वाढप्याला समजावीत बसण्यापेक्षा नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे. सकाळी पोह्यांची अपेक्षा करू नये. कारखान्यात बांधलेल्या, न उघडलेल्या पुड्यांतला फराळ नेता येतो. घरचा शिजविलेला डबा नेता येत नाही. पाणी तापविण्याची विजेची किटली आणि इस्त्री बहुतेक बोटींवर काढून घेतात. अग्निभयामुळे निरांजन आणि उदबत्ती यांनाही बंदी आहे, तेव्हा नित्यपूजा मानसपूजेवर भागवावी लागते. एकादशी-चतुर्थीला फळे आणि दूध मुबलक मिळते; साबुदाणा मिळत नाही, हे सांगावयास नकोच.

जेवणाच्या प्रकरणात एक गंमत अशी की, पंक्तिप्रपंच आपण सोडला आणि तो बोटीवर जाऊन बसला. क्यूनार्डच्या बोटींवर कोणी कोणत्या भोजनगृहात बसावे हे खोलीच्या दर्जावर ठरते. साध्या खोलीचे ब्रिटानियात, वरच्या खोल्यांचे ग्रिलमध्ये. एमएससीने 2008 पासून 'यॉट क्लब' आणि नॉर्वेजियनने 'हेवन' नावाचा बोटीतच निराळा वाडा काढला आहे, त्याचा जिना, तलाव आणि पंगत सर्व वेगळे. ज्यांना परवडते त्यांनी खुशाल घ्यावे. परंतु मंडळाच्या सहलीत चार कुटुंबे वाड्यात आणि बाकीची बाहेर असे होऊ नये, एवढी आमची विनंती आहे.

शेवटचा भाग नोंदणीच्या सवलतींचा. दलालाच्या पत्रकात 'फुकट' हा शब्द जितक्या वेळा येतो तितका तो कोणत्याही व्यापारात येत नसावा. पेये फुकट म्हणतात, पण नॉर्वेजियनच्या अशा योजनेत त्या फुकट पेयांवर वीस टक्के सेवा-आकार आधीच भरावा लागतो. मद्याची योजना एकाने विकत घेतली तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढानेही घेतली पाहिजे, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. नवरा घेणारा आणि बायको न घेणारी असेल तर काय होते ते आपण जाणता. मुले फुकट म्हणतात, पण ती त्याच खोलीतली तिसरी-चौथी असली तरच, आणि त्यांचा कर व बक्षिसी द्यावीच लागते. बोटीवर खर्चावयास दिलेली रक्कम ही सवलत मात्र खरी. तिच्यातून बक्षिसी वळती होते. सफरीपूर्वी सुमारे अडीच-तीन महिने शेवटचा हप्ता भरावयाचा असतो; तोपर्यंत भाडे उतरल्यास ते उतरलेल्या दराने लावून मागता येते, परंतु मागितल्याशिवाय कोणी देत नाही. अनामत भरताना कंपनीची प्रकृतीही पाहावी. 2019 च्या एप्रिलमध्ये जलेश कंपनी 'कर्णिका' बोट घेऊन मुंबईत आली. 2020 साली कंपनी बंद पडली आणि बोट अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. 2022 च्या जानेवारीत हाँगकाँगचे गेंटिंग घराणेही बसले. सिंगापूरच्या त्यांच्या बोटीवर नंतर नवी कंपनी आली. आजारपणासाठी आणि कंपनी बुडण्यासाठीही संरक्षण देणारा विमा घेतल्याशिवाय कोणी पैसे भरू नयेत.

आता ज्या सवलतीविषयी पत्रकात ठळक काही नसते ती सांगतो, कारण हे भाषण करण्यास आम्ही मुख्यतः त्यासाठीच उभे राहिलो.

आपल्या यादीत प्रथम नावे दिलेल्या चार भगिनींनी ती परत घेतली. चौघीही एकट्या आहेत. तिघींचे यजमान हयात नाहीत, एक अविवाहित. कारण विचारता कोणी गुडघे सांगितले, कोणी नातवाची परीक्षा. खरे कारण भाडेपत्रकात आहे. खोली दोघांची धरलेली असते, म्हणून एकट्या माणसाकडून बहुधा दोघांचे भाडे घेतात. मघाच्या हिशेबात जेथे इतरांना 976 पडतात तेथे तिला 1,676 पडतात. नॉर्वेजियनने 2010 साली 'एपिक' बोटीवर एकट्यासाठी 128 लहान खोल्या बांधल्या. पुढे इतरांनीही थोड्या काढल्या, आणि क्यूनार्डने 2016 मध्ये 'क्वीन मेरी 2' वर पंधरा केल्या. परंतु त्या झपाट्याने भरतात, आणि स्वस्त असतीलच असे नाही. अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्या, असे सुचविणे साठी-सत्तरीच्या बाईला योग्य नव्हे.

सामुदायिक नोंदणीत मात्र अशी रीत आहे की, पूर्ण भाड्याच्या साधारण सोळा उतारूंमागे एका उतारूचे मूळ भाडे कंपनी सोडते. कर आणि बक्षिसी सुटत नाही. हे सुटलेले भाडे पुष्कळदा दलाल स्वतःजवळ ठेवतो, किंवा सहल जमविणाऱ्या गृहस्थाच्या नावे लावतो, किंवा फार झाले तर सर्वांत वाटतो. आठ खोल्यांतील सोळा माणसे आणि एक एकटी भगिनी, अशा सतरांत 700 डॉलर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास एकेचाळीस डॉलर येतात. तेवढ्यात एक बरीशी छत्री येईल. तेच 700 त्या भगिनीच्या नावे लावले तर तिच्यावरचा जादा भार नेमका तेवढाच असल्यामुळे तो पूर्ण फिटतो, आणि ती इतरांइतकेच भाडे देऊन, कोणाचे उपकार न घेता, आपल्या स्वतंत्र खोलीत राहते. चौघींसाठी चौसष्ट माणसे लागतील. आजच्या यादीत एकोणसाठ आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमचे मागणे असे आहे की, कंपनी निवडताना छापील भाडे प्रथम पाहू नये. सोळामागे एक ही सवलत कोण देते, ती सवलत आम्ही सांगू त्या नावावर लावण्यास कोण तयार आहे, आणि ठरावीक पंगतीत शाकाहारी जेवणाची लेखी हमी कोण देते, या तीन गोष्टी दलालाला पहिल्याच पत्रात विचाराव्यात आणि उत्तर अनामत भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. सहल जमविण्याचे श्रम करणाऱ्या सभासदांनी, म्हणजे आम्हीही त्यांत आलोच, स्वतःसाठी त्या सवलतीवर हक्क सांगू नये. त्या चार भगिनींची नावे यादीतून अद्यापि खोडू नयेत, असे आम्ही चिटणीसांना सांगितले आहे. ज्या कुटुंबांनी अजून नावे दिलेली नाहीत त्यांतून पाच माणसे हवी आहेत. नोंदवही बाहेर मेजावर ठेवलेली आहे.